वामनदादांच्या गाण्यांचे कार्यक्रम: कुठे काय जमलं, काय फसलं आणि पुढे कोणती गाणी मागायची

गोदाकाठची (धागाकर्ती)

जय भीम मंडळी.

एप्रिलचा हंगाम सरला. गावोगावी लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचे कार्यक्रम झाले. काही मैदानात, काही सभागृहात, काही वस्तीतल्या विहारापुढे. ऐकून आलेल्यांनी इथे लिहावं: गाणी कशी बसली, शब्द ऐकू आले का, साथ कशी होती, काय मागायचं राहून गेलं. "छान झाला", "अंगावर काटा आला" एवढ्यावर थांबू नका. पुढच्या वर्षी जे मंडळ कार्यक्रम लावणार आहे त्यांच्या हाती काही पडेल असं लिहा.

नव्यांसाठी थोडक्यात. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत कष्टाची कामं करता करता मोठेपणी अक्षरओळख झाली आणि १९४३ पासून गाणं लिहायला लागले ते १५ मे २००४ ला नाशिकला जाईपर्यंत. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः उभं राहून गायचं. म्हणून त्यांच्या गाण्यात शब्द आणि चाल वेगळी काढता येत नाही.

नाशिककडच्या एका मैदानातल्या कार्यक्रमाचं सांगते. गायक तयारीचे, गळा मोकळा, कोरस चौघांचा. पहिली चार गाणी अतिशय सुंदर. पाचव्यापासून एक गोष्ट सलायला लागली: प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं गाळलं जात होतं. वेळ वाचवायला असेल. पण दादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यातच "वामन" हे नाव येतं. ते कडवं गेलं की कवीचं नाव गेलं. निवेदकानेही सांगितलं नाही, तर बसलेल्या पोरांना गाणं कुणाचं हे कळणार कसं? कार्यक्रम दादांच्या नावाचा आणि गाण्यातून दादाच गायब, हे बरोबर नाही.

माझी फर्माईश एकच. मधलं कडवं गाळा, शेवटचं नको.

---

मनमाड_जंक्शन

शेवटच्या कडव्याबद्दल शंभर टक्के सहमत. वेळेचा हिशोब मांडतो म्हणजे मंडळांना कळेल की वेळ कडव्यात जात नाही, दुसरीकडे जातो.

संध्याकाळी सात ते दहा म्हणजे १८० मिनिटं. वंदना, दीपप्रज्वलन, स्वागत यात २० जातात. पाहुण्यांची भाषणं कितीही आवरली तरी ३०. उरली १३०. एक गाणं सहा मिनिटं आणि त्याआधी एक मिनिट निवेदन धरलं तर १८ गाणी होतात. आता बक्षिसांचं बघा. "अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये" ही एक घोषणा नावगाव धरून अर्धा मिनिट खाते. अशा तीस झाल्या की १५ मिनिटं गेली, म्हणजे दोन गाणी गेली. वर गाण्याच्या मध्येच नोटा घेऊन कुणी स्टेजवर चढलं की ढोलकीवाल्याचं लक्ष तुटतं आणि ठेका सैल पडतो.

बक्षीस द्यायला हरकत नाही, कलावंताचा तो हक्कच आहे. फक्त स्टेजखाली एक टेबल, एक वही, एक पेटी ठेवायची. देणाऱ्याने तिथे नाव लिहायचं. मध्यंतरात सगळी नावं एकदम वाचायची. एका मंडळाने यंदा हेच केलं आणि कार्यक्रम कुठेही न तुटता पार पडला.

---

धुमाळी

ढोलकीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

एप्रिलमध्ये साउंड चेक दुपारी चारला होतो आणि कार्यक्रम रात्री आठला. चारच्या उन्हात कातडं कोरडं आणि ताणलेलं असतं, त्यामुळे शाईची (उंच सुराची) बाजू चढते. वादक ती उतरवून पेटीला (हार्मोनियमला) जुळवून ठेवतो आणि निवांत होतो. आठ वाजता हवा थंडावते, कातडं सैलावतं आणि तीच ढोलकी अर्धा-पाऊण सूर खाली बसते. पेटीचे सूर जागचे हलत नाहीत. मग पहिल्या गाण्यात गायक, पेटी एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे. श्रोत्याला नेमकं काय ते सांगता येत नाही, पण गाणं "लागत नाही" एवढं जाणवतं.

उपाय साधा. कार्यक्रमाच्या आधी वीस मिनिटं ढोलकी स्टेजवर, जिथे वाजणार त्याच जागी, त्याच दिव्यांखाली ठेवायची आणि मगच शेवटचं जुळवायचं. दिवे फार जवळ असतील तर उलटं होतं, कातडं तापून सूर चढतो. दिवा ढोलकीवर थेट मारू नका.

नट-बोल्टची ढोलकी असेल तर एका बाजूचे सगळे बोल्ट ओळीने आवळत जाऊ नये. समोरासमोरची जोडी घ्यायची, पाव फेरा, मग पुढची जोडी. एकाच अंगाने ओढलं की पान तिरकं बसतं, एका कडेला सूर वेगळा आणि दुसऱ्या कडेला वेगळा येतो, शाईला तडे जातात. एक-दीड सुरापेक्षा जास्त चढवायचं असेल तर दुसरी ढोलकी घ्या, पान फाडू नका.

आणि धुमेची, म्हणजे खर्जाची बाजू. आतला मसाला सुकला की घुमारा जातो, नुसतं टकटक ऐकू येतं. ते माइकवाल्याने खर्ज वाढवून भरून निघत नाही. खर्ज वाढवला की उलट गायकाचे शब्द बुडतात.

---

ध्वनिसाथी

धुमाळी भाऊ, शेवटचं वाक्य सोन्याचं. तिथूनच पुढे जातो.

लोकगीताच्या कार्यक्रमाला आवाजाची व्यवस्था करणारे बहुतेक जण सवयीने एको वाढवून ठेवतात. गायकालाही स्वतःचा आवाज भरदार वाटतो म्हणून तोही मागतो. वामनदादांच्या गाण्याला हे विष आहे. हिशोब करा: जलद केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) मिनिटाला १२० ठोके धरले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. एका ठोक्यात दोन अक्षरं असली तर अक्षर पाव सेकंदाचं. एको ०.३ सेकंदावर ठेवला असेल तर मागचं अक्षर पुढच्या अक्षरावर येऊन आदळतं. "च", "त", "ट" ही व्यंजनं सगळ्यात आधी मरतात. मग यमक ऐकूच येत नाही.

एको पूर्ण बंद करून थोडा रिव्हर्ब ठेवा, तोही निवेदनाच्या वेळी शून्यावर. गायकाला भरदार वाटायला हवं असेल तर त्याच्यापुढच्या मॉनिटरमध्ये द्या, मैदानात नको.

माइक: मुख्य गायकाला हातातला साधा डायनॅमिक, ओठांपासून चार बोटं. कोरसला तिघांत एक चालतो, पण तिघंही सारख्या अंतरावर हवेत. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला लावला की भात्याची फुसफुस येते. तो वरून, सुरांच्या जाळीकडे तोंड करून. तुणतुण्याला वेगळा माइक हवाच, अगदी जवळ. नाहीतर ते नुसतं बघायला राहतं.

शिट्टी येते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: गायक माइक घेऊन मोठ्या स्पीकरच्या पुढे येतो. स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेच्याही दोन-तीन पावलं पुढे लावा, प्रश्न मिटतो.

---

वहीतली_गाणी

खूप मोलाचा धागा. शब्दांबद्दल लिहिते.

यंदा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात "भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते" झालं, व्हायलाच हवं. पण बऱ्याच गायकांकडून एका जागी ठेका घसरतो. ही ओळ आनंदकंद वृत्तातली आहे: गागालगा लगागा गागालगा लगागा (गा म्हणजे दोन मात्रांचं गुरू अक्षर, ल म्हणजे एका मात्रेचं लघु). ओळीचे दोन सारखे भाग, प्रत्येकी १२ मात्रा. "भीमा तुझ्या मताचे" मोजा, बरोबर १२. "जर पाच लोक असते" मोजा, बरोबर १२. इथे "जर" मधली दोन्ही अक्षरं लघु आणि मिळून एका गुरूची जागा घेतात. काही गायक "जऽर" असं ओढतात, तिथे एक मात्रा वाढते.

दुसरी ओळ "तलवारीचे" या शब्दाने सुरू होते. लिहिताना "री" दीर्घ, पण वृत्ताला तिथे लघु हवा आहे. "तलवारिचे" असं म्हटलं की ओळ चपखल बसते. दीर्घ म्हटलं की १३ मात्रा होतात आणि गायकाला पुढचा शब्द घाईने उरकावा लागतो. मैदानात बसलेल्याला वाटतं ढोलकीवाला पळतोय. बिचारा पळत नसतो.

अक्षरओळख मोठेपणी झालेल्या माणसाने इतकं नेमकं वृत्त कानाने पकडलं आहे. ते गाताना मोडू नये, एवढीच विनंती.

आणखी एक. दोन ठिकाणच्या फलकांवर भीमराव कर्डक आणि वामनदादा यांची सरमिसळ दिसली. दोघंही नाशिक जिल्ह्यातले, आडनाव एक, पण माणसं वेगळी. भीमराव हे आंबेडकरी जलशाचे (गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमाचे) आधीच्या पिढीतले मोठे जलसाकार. वामनदादा त्यांच्या नंतरचे. फलक छापायच्या आधी कुणातरी जाणत्याला दाखवा.

---

धुमाळी

@वहीतली_गाणी ताई, यात वादकाच्या बाजूने भर घालतो.

१२ मात्रांचा तुकडा असला की दादरा, म्हणजे सहा मात्रांची दोन आवर्तनं, आपोआप बसतो. केरव्यात घ्यायचं असेल तर आठाची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रा. चार मात्रा शिल्लक राहतात. त्या कुठे टाकायच्या हे आधी ठरवावं लागतं. तुकडा संपल्यावर टाकल्या तर ढोलकीला भरायला जागा मिळते आणि शब्द सलग राहतात. शब्दाच्या मधे ताणल्या तर "मताऽऽचे" होतं आणि अर्थ फाटतो. गायक आणि ढोलकीवाला यांची याबाबत आधी बोलणी झाली नसतील तर पहिल्याच कडव्यात दोघं दोन वाटांना जातात. दहा मिनिटांची तालीम पुरते, पण ती करायला हवी.

---

खान्देशी_सूर

सगळ्यांचा मान राखून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि कीबोर्ड आला की लगेच नाकं मुरडली जातात. जळगाव, धुळ्याकडच्या कार्यक्रमांत तरुण पोरं उभी राहून ऐकतात, नाचतात, त्यांना तो जोर हवा असतो. दादांची गाणी पुढच्या पिढीपर्यंत त्याच जोरावर पोचताहेत. ढोलकी, पेटी, तुणतुणं एवढ्यावर पाच हजारांचं मैदान धरून ठेवणं आज अवघड आहे.

---

ध्वनिसाथी

खान्देशी भाऊ, ऑक्टोपॅडशी वैर नाही. अडचण एवढीच की ऑक्टोपॅडचा आवाज थेट तारेतून मिक्सरमध्ये येतो, त्याला ना माइकचं अंतर ना कातड्याची मर्यादा. वादकाने स्वतःचं बटण वाढवलं की गायक गाडला जातो. ऑक्टोपॅड लावा, पण त्याची पातळी मिक्सरवाल्याच्या हातात असू द्या आणि कडवं सुरू झालं की तो निम्म्यावर आणा. ध्रुवपदाला परत वर. ढोलकी दोन्ही वेळेला तशीच राहू दे. असं केलं की नाचणाऱ्याला नाच मिळतो आणि ऐकणाऱ्याला शब्द.

---

काळी_चार

गायिकांच्या बाजूने लिहिते, कारण ही गोष्ट ठरवताना आयोजकांच्या डोक्यातच नसते.

बहुतेक कार्यक्रमात एक गायक आणि एक गायिका असते. पुरुष काळी एक किंवा काळी दोनमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्या, त्यांच्यावर 'सा' धरायचा), आम्ही काळी चार किंवा काळी पाचमध्ये. एक गाणं त्याचं, एक गाणं हिचं असा क्रम लावला की प्रत्येक गाण्याला ढोलकी बदलावी लागते. दुसरी ढोलकी नसेल तर गायिकेला पुरुषाच्या पट्टीत ढकललं जातं. मग एकतर खर्जात आवाज बसतो, नाहीतर तारसप्तकात किंचाळावं लागतं. पुढच्या रांगेतला माणूस म्हणतो "बाईंचा आवाज कर्कश आहे". आवाज कर्कश नसतो, पट्टी चुकीची असते.

एक सोपी युक्ती आहे. गायक काळी एकमध्ये आणि गायिका काळी चारमध्ये गात असेल तर ढोलकी काळी चारला मिळवावी. काळी चार हा काळी एकचा पंचम (प) आहे. त्यामुळे तीच ढोलकी गायिकेला षड्ज (सा) देते आणि गायकाला पंचम. दोन्हीकडे सुरेल. पण गायक काळी दोनमध्ये असेल तर हे जमत नाही, तिथे काळी पाच धरावी लागते. म्हणून पट्ट्या तालमीतच कागदावर लिहून वादकाला द्या.

प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचा वरचा सूर ऐकून नवी मुलं सुरुवातीलाच पट्टी वर घेतात. तीन तासांचा कार्यक्रम आहे, पंधराव्या गाण्याला गळा उरायला हवा. अर्धा सूर खाली घेतल्याने गाण्याचा जोर जात नाही.

माझी फर्माईश: माता रमाई आणि कष्टकरी बायांवरची गाणी गायिकेलाच द्या, आणि ती कार्यक्रमाच्या मधोमध ठेवा. लोक उठायला लागल्यावर शेवटी टाकू नका.

---

टेम्स_काठी

लंडनहून जय भीम. इथे हॉल ठरावीक वेळेपुरताच मिळतो, गाण्यांना फार तर दीड तास. ढोलकी वाजवणारं कुणी नाही. पेटी आहे, एक तबलजी आहेत पण त्यांची सवय शास्त्रीय संगीताची. दादांची गाणी कशी बसवावी? रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गायचं नाही असं ठरवलं आहे.

---

धुमाळी

ट्रॅकवर नाही, हा निर्णय फार चांगला. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही आणि श्रोत्यांनी ओळ पुन्हा मागितली तर देता येत नाही.

तबला चालेल. तबलजींना तीनच गोष्टी सांगा. एक, ठेका साधा आणि सरळ, कडव्याच्या मधे तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नको. दोन, डग्गा घुमवण्यापेक्षा मोकळा मारायचा. तीन, ध्रुवपद कोरस उचलतो तिथे दुप्पट लय न करता नुसता जोर वाढवायचा. सोबत एक खंजिरी घ्या. खंजिरी शिकायला सोपी, पण ती टाळीच्या जागीच वाजली पाहिजे. प्रत्येक मात्रेला खुळखुळ केली की सगळा ठेका गढूळ होतो. विलायतेतल्या थंडीत कातड्याची खंजिरी सैल पडते, म्हणून प्लास्टिकच्या पानाची घ्या.

कोरसला आवाज चांगले नसले तरी चालतील, चारजण एकदम सुरू होणारे आणि एकदम थांबणारे हवेत. झीलकऱ्याचं, म्हणजे मागून ध्रुवपद उचलणाऱ्याचं, खरं काम तेच आहे.

दीड तासात ११-१२ गाणी बसतात. १५ बसवायला जाऊ नका.

---

वहीतली_गाणी

@टेम्स_काठी, तिथल्या मुलांना मराठी वाचता येत नसेल तर ध्रुवपद तेवढं मोठ्या अक्षरात पडद्यावर दाखवा. पूर्ण गाणं दाखवू नका, सगळे पडदाच बघत बसतात.

गाणी निवडताना पाठ नीट तपासा. इंटरनेटवर फिरणाऱ्या पाठांत ओळी मागेपुढे झालेल्या आहेत, कुठे "वामन" च्या जागी दुसऱ्याचं नाव घुसवलेलं आहे. "वाटचाल" (१९७३) आणि "मोहोळ" (१९७६) या त्यांच्या हयातीत निघालेल्या संग्रहांत जे गाणं असेल त्याचा छापील पाठ प्रमाण मानावा. जिल्हा ग्रंथालयांत आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी प्रती सापडतात. फोटो काढून ठेवा.

---

मनमाड_जंक्शन

फर्माइशीच्या चिठ्ठीबद्दल. यंदा सगळ्यात जास्त गोंधळ इथे पाहिला. लोक चिठ्ठीवर "बाबासाहेबांचं गाणं" एवढंच लिहून पाठवतात. त्याने गायकाला काय कळणार?

चिठ्ठीवर गाण्याची पहिली ओळ हवी, आठवत नसेल तर ध्रुवपदाचे चार शब्द. खाली कवीचं नाव. निवेदकाच्या हातात द्यायची, गायकाच्या नाही, आणि मध्यंतराच्या आधी द्यायची. मध्यंतरात गायक-वादक बसून त्यातली तीन-चार निवडतात, पट्टी ठरवतात, कोरसला ध्रुवपद सांगतात. शेवटच्या अर्ध्या तासात आलेली चिठ्ठी बहुधा वाया जाते, कारण तालीम नसलेलं गाणं कुणी चांगला गायक घेणार नाही. त्याने घेतलं नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

निवेदकाने चिठ्ठी वाचताना मागणाऱ्याच्या नावाआधी कवीचं नाव घ्यावं. एवढ्याने गोदाकाठची ताईंचा अर्धा प्रश्न सुटतो.

---

गोदाकाठची

@मनमाड_जंक्शन दादा, अगदी. आणि दिवस पाहून मागावं असंही वाटतं. १४ एप्रिलला "उद्धरली कोटी कुळे" पहिल्या तासात हवंच, लहान मुलांनाही ते म्हणता येतं. २० मार्चला महाडच्या पाण्याची गाणी, २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची, १३ ऑक्टोबरला येवल्याच्या घोषणेची, २७ मे आणि ७ फेब्रुवारीला रमाईची. ६ डिसेंबरचा कार्यक्रम वेगळा असतो, तिथे जलद ठेक्याची गाणी मागू नयेत. विलंबित दादरा, पेटी आणि एक आवाज, बस. चैत्यभूमीच्या परिसरात समुद्राची दमट हवा असते, ढोलकीवाल्यांनी तीही ध्यानात ठेवावी.

@खान्देशी_सूर भाऊ, तरुण पोरं येतात हे खरंच मोठं आहे. त्यांना शब्दही मिळावेत एवढंच म्हणणं.

---

खान्देशी_सूर

ध्वनिसाथी भाऊंचा निम्म्यावर आणायचा उपाय पटला. आमच्याकडच्या मंडळाला कळवतो.

एक प्रश्न. "सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठं हाय" हे गाणं काही गायक आजच्या धनिकांची नावं घालून गातात. टाळ्या जोरात पडतात. हे करावं का?

---

वहीतली_गाणी

माझं मत स्पष्ट आहे: मूळ गाणं आधी पूर्ण गा, मग वाटल्यास शेवटी एक नवं कडवं स्वतःचं म्हणून जोडा आणि तसं सांगा.

कारण कारागिरीचं आहे. "टाटा" ला पुढे "साठा" आणि "वाटा" ही जोड येते. दादांनी नावं त्या नादासाठी निवडली आहेत, "बाटा" आणि "टाटा" एकामागे एक ठेवून. दुसरी नावं घातली की साठ्याशी आणि वाट्याशी जुळणारा "टा" जातो. उरते ती नुसती यादी. टाळी नावाला मिळते, गाण्याला नाही. आणि प्रश्न तर "आमचा वाटा कुठं" हा आहे, तो झाकला जातो.

हे गाणं रांगड्या बोलीत आहे. "कुठं हाय" चं "कुठे आहे" करू नका. यंदा एका सभागृहात तसं ऐकलं, गाण्याचा कणाच गेला.

---

ध्वनिसाथी

मैदानवाल्यांसाठी दोन राहिलेल्या गोष्टी.

मोठ्या मैदानात मागे दुसरी स्पीकरची जोडी लावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागचे स्पीकर स्टेजपासून ५० मीटरवर असतील तर पुढचा आवाज तिथे सुमारे ०.१५ सेकंद उशिरा पोचतो, मागचा मात्र लगेच. तिथे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरवर किंवा प्रोसेसरवर मागच्या जोडीला मीटरमागे ३ मिलिसेकंद उशीर द्या. ५० मीटरला १५०. पाच मिनिटांचं काम आहे, पण करणारे कमी. स्टेजवर उभं राहून हा दोष कधीच कळत नाही, म्हणून साउंड चेकच्या वेळी एक माणूस शेवटच्या रांगेत हवा.

दुसरं, वेळ. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आहे. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, रात्री बारापर्यंत सवलत मिळू शकते. ते दिवस कोणते याची यादी जिल्हा पातळीवर निघते. आपला दिवस त्यात आहे का ते पाहून मगच पत्रिका छापा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, तिथे ही सवलत धरून चालू नका. दहाला पोलीस आले आणि कार्यक्रम मधेच तुटला की सगळ्यात मोठं गाणं राहून जातं, कारण ते नेहमी शेवटाला ठेवलेलं असतं. ते साडेनऊच्या आत घ्या.

---

काळी_चार

मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना विनंती. स्पीकरच्या थेट समोर उभं राहून केलं की आवाज फाटतो. स्टेजपासून दहा-बारा मीटर मागे, दोन स्पीकरच्या मधोमध उभं राहा. मंडळाला शक्य असेल तर मिक्सरमधून वेगळं रेकॉर्डिंग घ्या, पण त्यात श्रोत्यांचा कोरस येत नाही. त्यासाठी एक माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा आणि नंतर थोडा मिसळा.

आणि चढवताना शीर्षकात आधी गीतकार वामनदादा कर्डक, मग गायक, मग ढोलकी आणि पेटीवाले. "जबरदस्त भीमगीत" असं शीर्षक देऊन कवी आणि वादक दोघंही गाळले जातात. ज्यांनी आधीच चढवलंय त्यांनी वर्णन बदलावं, ते बदलता येतं.

---

टेम्स_काठी

सगळ्यांचे आभार. १२ गाणी ठरवली. गायिका दोन, दोघींची पट्टी काळी चार. गायक एक, काळी दोन. वरचं वाचून कळलं की इथे अडचण येणार. तबला कशाला मिळवू?

---

काळी_चार

गायकाला काळी एकमध्ये गाऊन बघायला सांगा. एकच सूर खाली यायचं आहे, बहुतेकांना जमतं. मग तबला काळी चारला मिळवा, तिघांनाही चालेल. जमत नसेल तर त्याची चार गाणी सलग घ्या, मध्यंतरानंतर लगेच, आणि मध्यंतरात तबला काळी पाचला चढवा. एकच सूर आहे. गाण्यांच्या मधे ठोकत बसू नका. त्याची गाणी संपली की पुन्हा उतरवायला दोन-तीन मिनिटं लागतील, तिथे निवेदकाला देशवंडीची माहिती सांगायला ठेवा.